आकड्यावर मीठ की माणसावर? ‘पिंच ऑफ सॉल्ट’बद्दल

प्रश्न विचारणारे परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सभासदांच्या कोरडवाहू सोयाबीनचा अंदाज, सरासरी एकरी १२ क्विंटल, प्रकल्पाला पैसा देणाऱ्या परदेशी संस्थेतल्या बाईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं : ‘थँक्स फॉर द फिगर्स. आय ॲम टेकिंग देम विथ अ पिंच ऑफ सॉल्ट फॉर नाऊ.’ संचालक भडकले. ‘आपल्याला खोटारडे म्हणायली की ती!’ तेव्हा या ओळीचा अर्थ काय, राग मानायचा का, उत्तर काय द्यायचं, आणि हा वाक्प्रचार आपणही वापरावा का, असं त्यांनी विचारलंय.

मी परभणीतच इंग्रजी शिकवतो आणि संस्थांचे, शेतकरी गटांचे अहवाल मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करून देतो. ही चिमूट माझ्या कामात वरचेवर येते, आणि दर वेळी कुणीतरी दुखावलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसता अर्थ हवा असेल तर कोणताही कोश सांगेल : ऐकलेली गोष्ट पूर्ण खरी न धरता थोडी शंका राखून ऐकणे. एवढ्याने तुमच्या संचालकांचं समाधान होणार नाही, कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. शंका आकड्यावर आहे की आकडा देणाऱ्यावर? आणि खरी अडचण अशी की हे त्या इंग्रजी वाक्यात लिहिलेलं नसतं. कोण म्हणतंय, कुणाच्या बोलण्याबद्दल म्हणतंय, कुणासमोर म्हणतंय आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर म्हणतंय, यावर ते ठरतं. याआधी तुमचे आकडे कधी चुकले असतील, किंवा हेच पत्र त्यांनी त्यांच्या वरिष्ठांनाही पाठवलं असेल, तर या ओळीचं वजन बदलतं. तुम्ही दिलेल्या एका ओळीवरूनच बोलायचं तर मला इथे अपमान दिसत नाही. शेवटचे दोन शब्द पाहा, ‘फॉर नाऊ’, म्हणजे तूर्तास. ज्याला खोटारडा ठरवायचं त्याला कुणी ‘तूर्तास’ खोटारडा ठरवत नाही. बाई म्हणतायत की आकडा घेतला, नोंदला, पण पक्का आकडा येईपर्यंत त्यावर पुढचे हिशेब उभे करणार नाही.

मग संचालकांना राग का आला? माझ्या मते दोष त्यांच्या इंग्रजीचा नाही, मराठी कानाचा आहे. आपल्याकडे बोलण्यात मीठ घालतो तो सांगणारा. ‘तिखटमीठ लावून सांगितलं’ म्हणजे सांगणाऱ्याने वाढवून सांगितलं. बातमी होती एवढीशी, यानं तिला चव आणली. तेव्हा आकड्यांच्या शेजारी मीठ दिसलं की आपल्याला वाटतं, हे मीठ तुम्ही लावलंत असा आरोप आहे. त्यात भर म्हणजे आपल्याकडे मीठ हे इमानाचंही आहे. खाल्ल्या मिठाला जागणं, मीठ खाल्लेल्या घराशी बेइमानी न करणं. ज्यांच्या पैशावर प्रकल्प चालतो त्यांच्याच पत्रात हा शब्द यावा, मग तर विचारूच नका.

इंग्रजीत मात्र ही चिमूट ऐकणाऱ्याच्या हातात असते. सांगणाऱ्याने जे दिलं ते दिलं. ते गिळताना मी वरून थोडं मीठ घेतो. म्हणजे सांगणाऱ्याने काही मिसळल्याची तक्रार त्यात नाही, ऐकणारा स्वतःची सोय करून घेतोय. एवढी एक गोष्ट संचालकांना सांगितलीत तरी अर्धा राग उतरेल.

हे मीठ आलं कुठून, याची एक गोष्ट सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सन ७७च्या सुमारास पूर्ण केलेल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथात विषावरचा एक उतारा दिलाय. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याला आपल्याला कुणी विष घालेल अशी कायम धास्ती होती. त्याचा पराभव केल्यावर रोमन सेनापती पाँपी याला त्याच्या खासगी कागदपत्रांत ही कृती सापडली, असं प्लिनी लिहितो : दोन वाळलेले अक्रोड, दोन अंजीर आणि सतापाची २० पानं एकत्र कुटायची, त्यात मिठाचा एक खडा घालायचा आणि हे अनशापोटी घ्यायचं, त्या दिवसापुरतं कोणतंही विष बाधत नाही. विष पचवायला जसा मिठाचा खडा, तसं संशयास्पद बोलणं पचवायलाही, असं नंतरच्या लोकांनी जुळवलं. प्लिनीच्या मजकुरात मात्र मीठ म्हणजे शंका असं काही नाही. तिथे ते अक्रोड-अंजिरासारखं साधं जिन्नस आहे. इंग्रजीत हा वाक्प्रचार शंकेच्या अर्थाने १७व्या शतकापासून दिसतो, तोही ‘ग्रेन ऑफ सॉल्ट’ म्हणजे मिठाचा कण या रूपात. ‘पिंच’ हे ब्रिटनमधलं बरंच अलीकडचं, विसाव्या शतकातलं रूप. अमेरिकेत आजही ‘ग्रेन’ जास्त चालतं. आपल्याकडे ब्रिटिश वळणाची इंग्रजी, म्हणून आपल्या कानावर ‘पिंच’ पडतं. दोन्हींचा अर्थ एकच. चिमटीत जास्त मीठ मावतं म्हणून शंकाही जास्त, असं समजू नका. एका विद्यार्थ्याने तसं अगदी मनापासून समजावून सांगितलं होतं.

जाता जाता, मिठाचीच दुसरी एक गोष्ट शिबिरांमध्ये हमखास सांगतात : रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, म्हणून ‘सॅलरी’. सॅलरी ज्या लॅटिन शब्दावरून आली त्याचं मिठाशी नातं आहे हे खरं, पण सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवत, याला जुना पुरावा नाही. ती गोष्टही चिमूटभर मीठ घेऊनच ऐकावी.

आता आपल्या भागातलं एक उदाहरण, कारण मला वाटतं शंका आणि आरोप यांतला फरक मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपण तो दर खरिपात बघतो. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, म्हणजे गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, जाहीर होते. नावातच ‘नजर’ आहे : उभं पीक बघून केलेला अंदाज. मग सुधारित येते, आणि डिसेंबरात अंतिम. गावाची नजर पैसेवारी ५० पैशांच्या वर आली (५०च्या आत आली तरच पीक बुडालं असं धरतात) म्हणून पारावर आरडाओरडा होतो, पण हा आकडा शेवटचा नाही हे ओरडणाऱ्यालाही ठाऊक असतं. नजर पैसेवारीला कुणी अंतिम धरत नाही, आणि अंतिम धरत नाही म्हणून तहसीलदाराला खोटारडाही म्हणत नाही. (म्हणतात, पण त्याची कारणं वेगळी असतात.) तुम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवलेला आकडा म्हणजे तुमच्या कंपनीची नजर पैसेवारी. सोयाबीन तेव्हा हिरवं असतं, शेंगा भरत असतात. बाईंनी तो आकडा नजरेचा म्हणूनच घेतला. वर्गात मी हा वाक्प्रचार असाच शिकवतो आणि मराठी करताना लिहितो, ‘हे बोलणं रुपयात बारा आणे धरावं’. सोळा आणे खरं असतं ते खरं. बारा आणे धरणं म्हणजे खोटं मानणं नव्हे. जुनी माणसं लगेच मान हलवतात. मुलांना आधी आणे समजावून सांगावे लागतात, हा भाग वेगळा. ‘हातचं राखून विश्वास ठेवणे’ हेही चालतं.

बारा आणे की आठ आणे, हे इंग्रजीत विशेषणावरून कळतं. नुसतं ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’ हे सौम्य. ‘अ लार्ज पिंच’ किंवा ‘अ ह्यूज पिंच ऑफ सॉल्ट’ आलं, की समजायचं बोलणाऱ्याचा विश्वास जवळजवळ उडालाय आणि तो सभ्यपणे सांगतोय. ‘अ बकेट ऑफ सॉल्ट’ असं कुणी लिहिलं तर ती थट्टा आहे, आणि थट्टा बहुधा तुमची आहे. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

कशाबद्दल वापरायचा, इथेही गोंधळ होतो. मीठ घ्यायचं ते कुणाच्या तरी म्हणण्यासोबत : दावा, अंदाज, बातमी, जाहिरात, सर्वेक्षण, शेजाऱ्याने सांगितलेला कापसाचा भाव. घटनेसोबत नाही. पाऊस मिठासोबत घेता येत नाही, पावसाचा अंदाज घेता येतो. हवामान खात्याचंच बघा. एप्रिलमधला मोसमी पावसाचा पहिला अंदाज ते देतात तो देशभराच्या दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत, आणि त्यासोबतच सांगतात, कमी-जास्त ५ टक्के. २०२३ साली एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितला होता, प्रत्यक्षात ९४ टक्के झाला. अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि आपल्याकडे ऐन फुलोऱ्यात सोयाबीनने माना टाकल्या. देशाचा आकडा बरोबर असूनही जिंतूरच्या शेतकऱ्याने तो स्वतःच्या रानापुरता चिमूटभर मीठ घेऊनच ऐकायला हवा होता. यात खात्याचा अपमान कुठे आहे? त्यांनी ‘कमी-जास्त ५ टक्के’ म्हणताना स्वतःच आकड्यासोबत मिठाची पुडी दिली होती. तुमच्या पत्रात ती पुडी नव्हती, म्हणून बाईंना स्वतःची काढावी लागली. हा मुद्दा उत्तर लिहिताना उपयोगी पडेल.

आता तुम्ही स्वतः वापरण्याबद्दल. इथे मी जरा कडक आहे.

सगळ्यांत सुरक्षित म्हणजे स्वतःच्या बोलण्याबद्दल वापरणं. ‘हा माझा अंदाज आहे, प्लीज टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ असं म्हटलं की तुम्ही नम्र वाटता आणि ऐकणाऱ्यालाही मोकळीक मिळते. त्याखालोखाल, समोर नसलेल्या तिसऱ्याच्या म्हणण्याबद्दल : व्यापाऱ्याने सांगितलेली आवक, बियाण्याच्या पाकिटावरचा दावा. पण समोर बसलेल्या माणसाला त्याच्याच आकड्याबद्दल हे म्हणणं इंग्रजीतही थंडच वाटतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही असं म्हणताना पुढेमागे काहीतरी मऊ जोडतात. बाईंनी आभार आणि ‘तूर्तास’ जोडलं. मी असतो तर हा वाक्प्रचार वापरलाच नसता. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेतल्या माणसाला पत्र लिहिताना वाक्प्रचार शक्यतो टाळावेत, हा मी माझ्याकडे अहवाल देणाऱ्या सगळ्यांना देत आलेला सल्ला आहे. तेव्हा संचालक पूर्णपणे चुकले असं मी म्हणणार नाही. ओळ उद्धट नाही, पण विचार करून लिहिलेलीही नाही.

वरिष्ठांना त्यांच्या बोलण्याबद्दल हे म्हणू नका, आणि ते नंतर हसतील या भरवशावर तर नकोच. आणखी एका ठिकाणी मी हा वाक्प्रचार खोडतो, तो म्हणजे तक्रार आणि नुकसान. पीक पाण्याखाली गेल्याची शेतकऱ्याने दिलेली खबर, कामाच्या ठिकाणी बाईने दिलेली तक्रार, यांच्याबद्दल अहवालात ‘पिंच ऑफ सॉल्ट’ आलं की तपासणी व्हायच्या आधीच निकाल दिल्यासारखं होतं. तिथे साधं लिहावं : माहिती मिळाली, पडताळणी व्हायची आहे. विमा कंपनीला पाठवायच्या कागदात तर असले शब्द दिसताच कामा नयेत. अधिकृत अहवालातही तो जरा सैलच वाटतो. ‘प्रोव्हिजनल’ किंवा ‘टू बी ट्रीटेड विथ कॉशन’ हे तिथले शब्द. ते कोरडे आहेत, आणि आकड्यांच्या शेजारी कोरडेच शब्द शोभतात.

रचनेचं थोडक्यात. क्रियापद ‘टेक’. ‘ईट’ नाही, ‘ॲड’ नाही. कशासोबत मीठ घ्यायचं ते ‘टेक’च्या लगेच पुढे येतं : टेक द रिपोर्ट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट. ‘शुड बी टेकन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ हे कर्मणी रूपही सर्रास चालतं आणि लिहिताना तेच जास्त बरं, कारण मीठ कोण घेतंय हे त्यात लपतं. ‘अ’ गाळू नका. स्पर्धा परीक्षेत हा वाक्प्रचार विचारतात तेव्हा पर्यायांत ‘न मानणे’ आणि ‘शंका राखून मानणे’ हे दोन्ही असतात आणि मुलं पहिल्यावर खूण करून येतात. दुसरा बरोबर. त्याच गठ्ठ्यात ‘वर्थ हिज सॉल्ट’ असतं. त्याचा अर्थ आपल्या मिठाला जागणारा असा लावू नका. ते इमानाबद्दल नाही, कामात तरबेज असण्याबद्दल आहे. ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ बायबलमधलं, साध्या आणि भल्या माणसांची स्तुती. जखमेवर मीठ चोळणं तेवढं दोन्हीकडे सारखंच झोंबतं.

आता उत्तर. स्पष्टीकरणाचं लांब पत्र लिहू नका, आणि ‘आमचे आकडे शंभर टक्के खरे आहेत’ हे तर मुळीच नको. त्या वाक्याने माझ्यासारखा माणूस लगेच मिठाचा डबा शोधतो. खरं सांगायचं तर कोरडवाहू रानात सगळ्या गटाची सरासरी एकरी १२ क्विंटल हा आकडा वाचून मीसुद्धा थबकलो. एखाद्याचं रान तेवढं देईल, काळ्या भारी जमिनीत एखाद्या पाण्याच्या पाळीवर जास्तही देईल, पण सगळ्यांची सरासरी? हा आकडा कसा काढला ते आधी तुमच्या गटप्रमुखांना विचारा. बऱ्याचदा असं होतं की चांगल्या दोन-तीन रानांत जाऊन शेंगा मोजल्या जातात आणि तोच आकडा सगळ्यांना लावला जातो. खोटं कुणीच बोललेलं नसतं, पण सरासरी फुगलेली असते.

ओलावा हीही अशीच एक जागा. ताजं मळलेलं सोयाबीन १८ टक्के ओलाव्याचं असेल आणि खरेदी केंद्राच्या १२ टक्क्यांच्या निकषापर्यंत ते वाळवलं, तर १०० किलोचे साधारण ९३ किलो राहतात. गणित सरळ आहे : १०० किलोत ८२ किलो कोरडा माल, तो ८८ टक्के व्हायचा तर एकूण वजन ९३ किलोच्या आसपास. म्हणजे मळणीनंतरचा आकडासुद्धा कोणत्या ओलाव्याला तोलला हे सांगितल्याशिवाय पक्का नसतो. परदेशात बसलेल्या माणसाला हे लिहून दिलं की त्याचा विश्वास लगेच वाढतो, कारण कच्चं काय आणि पक्कं काय हे तुम्हाला कळतं हे त्याला दिसतं.

मी तुमच्या जागी असतो तर एवढंच लिहिलं असतं :

‘थँक यू. दीज आर एस्टिमेट्स फ्रॉम द स्टँडिंग क्रॉप, सो वी ॲग्री दे आर नॉट फायनल. वी विल सेंड वेड फिगर्स, विथ मॉइश्चर, आफ्टर थ्रेशिंग.’

म्हणजे : हे उभ्या पिकावरचे अंदाज आहेत, अंतिम नाहीत हे आम्हालाही मान्य आहे, मळणीनंतर तोललेले आकडे ओलाव्यासह पाठवू. मिठाचा उल्लेख परत करू नका. गमतीनेही नको, तुमची गंमत त्यांच्यापर्यंत गंमत म्हणून पोचेलच याची खात्री नाही. शक्य असेल तर किती सभासदांची रानं प्रत्यक्ष बघितली ती संख्या जोडा. कमी असली तरी जोडा.

उत्तर पाठवण्याआधी संचालकांना मराठीतून वाचून दाखवा. ‘अंतिम नाहीत हे मान्य आहे’ या ठिकाणी ते अडतील, ‘म्हणजे आपणच कबूल करायलो का?’ म्हणतील. तेव्हा त्यांना नजर पैसेवारीचं उदाहरण द्या. बाईंनी पुढच्या पत्रात पुन्हा तेच म्हटलं, आणि तेही तुम्ही तोललेले, ओलाव्यासकट आकडे दिल्यानंतर, तर मात्र तुमचे संचालक बरोबर आणि मी चूक. त्या वेळी पत्रापत्री न करता थेट फोन लावा आणि विचारा की नेमक्या कोणत्या आकड्याबद्दल शंका आहे.